छपरावरची वीज, मीटरचा हिशोब आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात छपरावरच्या सोलरबद्दल सहज दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रं, मेल यांचा नुसता पाऊस पडला. पॅनल कुठलं घ्यावं यावर फार कुणाचं अडत नाही, ते विकणारे सांगतातच. अडतं ते मीटरपाशी. वीज बाहेर गेली, पुढं तिचं काय झालं, बिलात ती दिसते कुठं, आणि दिसत नसेल तर भांडायचं कुणाशी. म्हणून या वेळचं सगळं सदर मीटरलाच दिलंय. एक आधीच सांगते, नियम देशागणिक वेगळे असतात आणि एकाच देशात वीज कंपनीगणिकही वेगळे असतात, पण हिशोबाच्या मूळ रीती तीन-चारच आहेत, त्या एकदा डोक्यात बसल्या की आपलं बिल आपल्याला वाचता येतं.

प्रश्न: इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर महिन्याला ४०० युनिट बनलेले दिसतात आणि बिलावर एक्स्पोर्ट फक्त २५०. मधले १५० युनिट कंपनीनं खाल्ले का?

नाही हो, ते तुम्हीच खाल्लेत! हा प्रश्न अकरा जणांनी विचारलाय म्हणून जरा नीट सांगते. मीटर कुठं बसलाय बघा, घर आणि बाहेरची तार यांच्या मधोमध. पॅनलची वीज इन्व्हर्टरमधून (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारी पेटी) घराच्या वायरिंगमध्ये येते, तिथं त्या क्षणी फ्रिज, पंप, वॉशिंग मशीन जे काही चालू असेल ते आधी तिच्यातूनच भागतं आणि उरलेली तेवढी मीटरमधून बाहेर जाते. जी आतल्या आत संपली ती मीटरला दिसतच नाही. मीटर बिचारा उंबरठ्यावर बसलेला, आत काय शिजलं ते त्याला काय कळणार.

म्हणजे ४०० बनले, १५० घरात लागले, २५० बाहेर गेले. आणि रात्री, ढगाळ दिवशी बाहेरून जे घेतले ते इम्पोर्ट, समजा ३००. तुमचा खरा वापर झाला १५० अधिक ३००, म्हणजे ४५०. हे पाच आकडे एका कागदावर लिहून भिंतीला लावा, पुढच्या सगळ्या प्रश्नांना हेच आकडे वापरणार आहे.

आकडे मीटरवर स्वतः बघायचे तर बटण दाबून स्क्रीन पुढं सरकवा. बऱ्याच डिजिटल मीटरवर रीडिंगच्या बाजूला बारीक कोड येतो, १.८.० म्हणजे आजवर आत आलेली एकूण वीज आणि २.८.० म्हणजे आजवर बाहेर गेलेली. ही ठरलेली पद्धत आहे आणि बऱ्याच कंपन्यांचे मीटर ती पाळतात. कोडच्या ऐवजी बाणाचं किंवा अधिक-उण्याचं चिन्ह असेल तर भर दुपारी घरातलं सगळं बंद करून बघा, जो आकडा वाढतोय तो एक्स्पोर्ट.

प्रश्न: नेट मीटरिंग, नेट बिलिंग, ग्रॉस मीटरिंग... एकाच गोष्टीची तीन नावं आहेत का? आम्हाला समजेल असं सांगा.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फरक चांगलाच महागात पडणारा आहे. कागदावरचे आकडे घ्या.

नेट मीटरिंगमध्ये युनिटला युनिट वजा होतं. ३०० घेतले, २५० दिले, बिल ५० युनिटचं. दुपारी दिलेलं युनिट रात्री तसंच्या तसं परत मिळतं, जणू ग्रिड, म्हणजे बाहेरचं तारांचं जाळं, ही तुमची फुकटची बॅटरी.

नेट बिलिंगमध्ये घेतलेल्याचा दर वेगळा, दिलेल्याचा वेगळा, आणि दिलेल्याचा जवळजवळ नेहमीच कमी. समजा तो एक तृतीयांश आहे (हे मी हिशोबापुरतं धरलंय), तर तुमचे २५० युनिट पैशात ८३ युनिटच्या तोलाचे होतात आणि बिल येतं २१७ युनिटच्या किमतीचं.

ग्रॉसमध्ये घराचा आणि पॅनलचा संबंधच तोडलेला असतो. पॅनलचे सगळे ४०० युनिट थेट बाहेर विकायचे आणि घराला लागणारे सगळे ४५० बाहेरून विकत घ्यायचे. तोच एक तृतीयांश दर धरला तर ४०० चे झाले १३३ आणि बिल ३१७ चं.

तेच छप्पर, तेच ऊन, तेच घर, आणि बिल ५०, २१७ किंवा ३१७. म्हणून मी म्हणते की कोटेशन घेताना पॅनलच्या टक्क्यादोन टक्क्यांच्या एफिशियन्सीवर तासभर वाद घालण्यापेक्षा यातली कुठली पद्धत लागू होणार ते पाच मिनिटं विचारा. आता ग्रॉस वाईटच असं मात्र नाही, बाहेरचा विक्रीदर भरपूर असेल तर तेच सगळ्यात फायद्याचं. जर्मनीनं २००० सालच्या कायद्यानं असाच ठरलेला चढा दर २० वर्षांसाठी बांधून दिला आणि लोकांनी धडाधड पॅनल चढवली. सगळा खेळ दराचा आहे.

प्रश्न: "वीज कंपन्या आता नेट मीटरिंग बंद करणार" असं ऐकतोय. आधी लोकांना बसवायला लावायचं आणि मग नियम फिरवायचे, ही फसवणूक नाही का?

तुमचा राग समजतो, पण दोन बाजू आहेत आणि दोन्हीत तथ्य आहे.

युनिटला युनिट ही सोय आली कुठून ते बघा. जुने चकतीचे मीटर होते ना, त्यात वीज उलटी गेली की चकती उलटी फिरायची आणि आकडा आपोआप कमी व्हायचा. वेगळा मीटर नको, वेगळा हिशोब नको. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं १९८३ मध्ये ४० किलोवॅटच्या आतल्या छोट्या उत्पादकांसाठी नेट मीटरिंग कायद्यात घातलं तेव्हा असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

मग पॅनल स्वस्त झाली आणि लाखो घरं एकाच वेळी, भर दुपारी वीज बाहेर ढकलायला लागली. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड चालवणाऱ्यांनी २०१३ मध्ये एक आलेख काढला, दुपारी बाकीच्या वीजकेंद्रांवरचा भार खाली बसलेला आणि संध्याकाळी सूर्य मावळताच सरळ उभा चढलेला, आकार अगदी बदकासारखा, तेव्हापासून त्याला डक कर्व्हच म्हणतात. दुपारचं युनिट आणि संध्याकाळचं युनिट एकाच किमतीचं कसं धरायचं हा कंपनीचा प्रश्न खोटा नाहीये. शिवाय तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च युनिटच्या दरातूनच निघत असेल तर ज्याचं बिल शून्य तो ते सगळं वापरतो पण भरत काहीच नाही, आणि तो भार पडतो पॅनल नसलेल्यांवर. त्यांच्यात भाड्यानं राहणारे असतात, छप्पर नसलेले असतात.

म्हणून बदल होतायत. हवाईत ऑक्टोबर २०१५ पासून नव्या लोकांना जुनं नेट मीटरिंग मिळणं बंद झालं. कॅलिफोर्नियात १५ एप्रिल २०२३ नंतरच्या अर्जांना नेट बिलिंग, बाहेर दिलेल्या युनिटची किंमत सरासरी तीन चतुर्थांशाच्या आसपास घसरली. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२७ पासून वजावट पूर्ण थांबणार.

आता फसवणुकीचं. माझं मत स्पष्ट आहे, नव्या अर्जदारांसाठी नियम बदला, पण ज्यांनी जुन्या शब्दावर पैसे घातले त्यांना हात लावू नका. कॅलिफोर्नियानं जुन्यांना जुन्याच नियमात ठेवलं. नेवाडानं डिसेंबर २०१५ मध्ये जुन्यांनाही नवे दर लावले, एवढा गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी जुन्यांना सोडावं लागलं आणि २०१७ मध्ये कायदाच पुन्हा बदलला. बेल्जियममधल्या फ्लँडर्सची गोष्ट तर अजून कडू, तिथं सरकारनं उलट्या फिरणाऱ्या मीटरचा फायदा १५ वर्षं राहील असा शब्द दिलेला आणि जानेवारी २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयानं तो शब्दच रद्द केला. म्हणून करारावर सही करण्याआधी हीच ओळ शोधा: हा दर किती वर्षं, आणि मधे नियम बदलला तर मला कुठला लागू. "सध्याच्या नियमांनुसार" एवढंच लिहिलं असेल तर ते काहीच लिहिलेलं नाही असं धरा.

प्रश्न: सोलर बसवून सहा महिने झाले. परवा लाइट गेली, बाहेर कडक ऊन, आणि आमच्याकडेही अंधार. मग एवढा खर्च कशासाठी केला?

हे विकणाऱ्यानं आधीच सांगायला हवं होतं, ते मुद्दाम बोलत नाहीत. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःहून बंद होतो, झालाच पाहिजे, कारण लाइनवर काम करणारा माणूस "तार मेली" समजून हात लावणार आणि तुमचं छप्पर त्या तारेत वीज सोडत असेल तर? अमेरिकेतल्या आयईईई १५४७ या मानकात यासाठी २ सेकंदांची मुदत आहे. अंधारातही घर चालवायचं तर बॅटरी आणि घर ग्रिडपासून तोडणारा स्विच असलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. नेट मीटरिंग ही हिशोबाची सोय आहे, बॅकअपची नाही.

प्रश्न: रोज बारा ते दोन या वेळात इन्व्हर्टर मधेच बंद होतो, पाच-दहा मिनिटांनी परत सुरू. ऐन उन्हात. कंपनीचा माणूस म्हणतो पॅनल खराब आहेत.

पॅनल खराब असती तर सकाळीही रडली असती. तुम्ही पाठवलेला स्क्रीनचा फोटो मोठा करून पाहिला, कोपऱ्यात व्होल्टेज २५४ दिसतंय, रोग तिथं आहे.

पाणी जसं उताराकडं जातं तशी वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला स्वतःचं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा थोडं चढं ठेवावं लागतं. तार जितकी बारीक आणि लांब तितकं जास्त चढवावं लागतं. २३० व्होल्टच्या व्यवस्थेत १० टक्के इकडेतिकडे ही युरोपच्या मानकातली हद्द, म्हणजे वर २५३. ती ओलांडली की इन्व्हर्टर शहाण्यासारखा गप्प बसतो, थोड्या वेळानं डोकावून बघतो, व्होल्टेज उतरलं असेल तर परत सुरू.

घरगुती हिशोब करू. ५ किलोवॅटला साधारण २२ अँपिअर करंट. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत ३० मीटर, जाऊन-येऊन ६० मीटर तांब्याची तार. ४ चौरस मिलिमीटरची असेल तर या तारेतच ६ व्होल्ट चढतात. १० ची टाकली तर अडीचच्या आत येतात. म्हणजे बाहेर आधीच २४८ असेल तर बारीक तारेनं तुम्ही २५४ ला जाता आणि बंद, जाड तारेनं २५०-५१ वर आणि चालू. आधी ती तार मोजून घ्या. तारेचं ठीक असेल तर मग भर दुपारी, इन्व्हर्टर बंद असताना, मीटरपाशी व्होल्टेज मोजा. तेव्हाही २५० च्या आसपास असेल तर दोष बाहेरचा, ट्रान्सफॉर्मरचं टॅप (बाहेर पडणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) खाली घ्यायला कंपनीला लेखी कळवा, चार दिवसांचे वेळेसकट आकडे जोडा. आणि इन्स्टॉलर म्हणाला "सेटिंगमध्ये हद्द वाढवून देतो" तर हात जोडून नाही म्हणा, ती हद्द तुमच्या फ्रिजसाठी आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीसाठीही आहे.

जाता जाता एक गंमत, जर्मनीत ग्रिडची फ्रिक्वेन्सी नेहमीच्या ५० वरून ५०.२ हर्ट्झला गेली की जुन्या इन्व्हर्टरांना फटकन बंद व्हायचा नियम होता, नंतर लक्षात आलं की सगळीच एका क्षणी बंद झाली तर अख्खी ग्रिड गडगडेल, मग २०१२ पासून नवा नियम आणून जुन्यांची सेटिंग बदलून घेत बसावं लागलं. एका घराला योग्य असलेला नियम लाखो घरांना लावला की उलटतो तो असा.

प्रश्न: घरी थ्री फेज आहे, इन्व्हर्टर सिंगल फेज. दुपारी एका फेजवर एक्स्पोर्ट आणि त्याच वेळी दुसऱ्या फेजवर इम्पोर्ट, असं होतं का? मग नुकसान?

होतं. पण नुकसान मीटर कसा मोजतो त्यावर आहे. काही मीटर तिन्ही फेजची त्या क्षणाची बेरीज करून एकच आकडा धरतात, एकावर २ किलोवॅट बाहेर आणि दुसरीवर २ आत म्हणजे शून्य. काही प्रत्येक फेज वेगळी मोजतात, तिथं तेच २ बाहेरच्या खात्यात आणि २ आतल्या खात्यात जातात. युनिटला युनिट वजावट असेल तर महिन्याअखेर सारखंच, पण नेट बिलिंग असेल तर स्वस्तात विकून महागात घेतल्यासारखं. कंपनीला विचारा, "मीटर फेजांची बेरीज करतो का?" आणि दुपारचे मोठे लोड इन्व्हर्टरच्याच फेजवर घेता आले तर घ्या, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम.

प्रश्न: छप्पर मोठं आहे. दुप्पट पॅनल लावून वीज विकून कमाई करावी म्हणतो. मर्यादा असते का?

असते आणि ती सहसा दोन बाजूंनी असते, एक नियमातली सरसकट मर्यादा आणि एक तुमच्या मंजूर लोडची, म्हणजे कंपनीनं तुमच्या जोडणीला जेवढे किलोवॅट मंजूर केलेत त्याची. भारतात २०२१ च्या दुरुस्तीनं ५०० किलोवॅट किंवा मंजूर लोड यातलं जे कमी तिथपर्यंत नेट मीटरिंग ठेवलं, आणि २०२४ मध्ये १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचं केलं. इतर ठिकाणी आकडे वेगळे, ढाचा हाच.

खरी मर्यादा मात्र वर्षाअखेरीला दिसते. उन्हाच्या महिन्यांत उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात, ढगाळ महिन्यांत वापरले जातात, आणि वर्षाच्या ठरलेल्या दिवशी जे उरतं ते एकतर नाममात्र दरानं घेतात किंवा सरळ शून्य करतात. त्यामुळे वर्षभराच्या वापराइतकीच पॅनल लावा, त्याच्या वरचं प्रत्येक पॅनल मी तरी शोभेचं धरते. गेल्या बारा बिलांची बेरीज हाच तुमचा मुख्य कागद. आणि वेळेनुसार दर असतील तर हेही विचारा की दुपारचं युनिट संध्याकाळच्या महाग वेळेत वजा होतं का, कित्येक ठिकाणी होत नाही, मग बिलात ढीगभर शिल्लक दिसते आणि तरी पैसे भरावे लागतात.

प्रश्न: पॅनल बसून तीन आठवडे झाले, नवा मीटर अजून आला नाही. तोवर चालू करून ठेवलं तर काय बिघडतं?

चालू करू नका. परवानगीचा मुद्दा आहेच, पण त्याहून मजेशीर गोष्ट म्हणजे बरेच जुने इलेक्ट्रॉनिक मीटर दिशा बघतच नाहीत, वीज आत आली काय, बाहेर गेली काय, आकडा पुढंच ढकलतात (चोरी पकडण्यासाठी मुद्दाम तसं केलेलं असतं). आमच्याच नात्यात एकांनी हौसेनं महिनाभर आधी चालू केलं आणि पुढचं बिल आलं ते नेहमीच्या दीडपट! स्वतः बनवलेली वीज कंपनीला दिली आणि तिचे पैसेही स्वतःच भरले. रडावं की हसावं कळेना त्यांना. अर्जही परवानगीविना जोडल्याच्या कारणावर दोन महिने लटकला तो वेगळाच.

प्रश्न: आमच्याकडे गोबर गॅसवर चालणारा जनरेटर आहे आणि एक छोटी पवनचक्की बसवायचा विचार आहे. हे नियम फक्त सोलरवाल्यांसाठीच का?

बहुतेक ठिकाणी नियमात "अक्षय ऊर्जा" असा शब्द असतो, त्यात वारा, बायोगॅस, ओढ्यावरचं छोटं टर्बाइन सगळं बसतं, पण फॉर्म मात्र सोलर डोळ्यासमोर ठेवून छापलेले, त्यामुळे खिडकीवरचा माणूस गोंधळतो. नियमातली व्याख्या प्रिंट काढून सोबत न्या.

आणि खरं सांगू, नेट बिलिंगच्या जमान्यात तुमचा गॅसवाला जनरेटर सोलरपेक्षा हुशार आहे. गॅस साठवता येतो. दुपारी सगळे वीज ढकलत असताना तुम्ही गप्प बसायचं आणि संध्याकाळी घरात जेवढं लागतं तेवढंच चालवायचं, आत वापरलेल्या युनिटला पूर्ण भाव, त्याचा दर कुणी कमी करू शकत नाही. फक्त जनरेटर ग्रिडशी जुळवून घेणारं आणि ग्रिड गेली की तोडणारं संरक्षण मान्यताप्राप्त हवं, पॅनलवाल्यांना ते इन्व्हर्टरमध्येच मिळतं, तुम्हाला वेगळं घ्यावं लागेल. पवनचक्कीचं म्हणाल तर आधी वर्षभर वारा मोजा. छपरावरच्या चक्कीला घरंच वारा अडवतात.

प्रश्न: फ्लॅटमध्ये राहतो, छप्पर सगळ्यांचं. मला काही करता येईल?

व्हर्च्युअल नेट मीटरिंग तुमच्याकडे आहे का बघा. एका जागी पॅनल, आणि युनिट ठरलेल्या टक्क्यांनी प्रत्येकाच्या बिलात वळते. अट एकच, टक्केवारी आधी लेखी ठरवा, नंतर शेजाऱ्यांशी बोलणं बंद होतं.

प्रश्न: मागच्या महिन्यात १४० युनिट शिल्लक दाखवले होते, या बिलात शिल्लक शून्य. फोनवर कुणी दाद देत नाही.

आधी वर्षअखेरचा तो शून्य करण्याचा दिवस मधे येऊन गेला का बघा, तुमच्यासारख्या निम्म्या तक्रारी तिथंच संपतात. तो नसेल तर दोन्ही बिलं शेजारी ठेवा आणि चार रीडिंग तपासा, इम्पोर्टचं मागचं-पुढचं, एक्स्पोर्टचं मागचं-पुढचं. मागच्या बिलातलं "चालू" रीडिंग या बिलात "मागील" म्हणून जसंच्या तसं आलंय का? मीटर बदलला असेल किंवा रीडिंग अंदाजे घेतलं असेल तर साखळी तिथंच तुटते. कधीकधी इम्पोर्ट-एक्स्पोर्टची अदलाबदलही सापडते, मोठ्या जोडणीत सीटी (मीटरसाठी करंट मोजणारं तारेवरचं कडं) उलटी बसली की असंच होतं. चूक सापडली की फोन सोडा, लेखी द्या, पोच घ्या, ठरलेल्या मुदतीत उत्तर नाही आलं तर कंपनीच्या तक्रार मंचाकडं जाता येतं. आणि इथून पुढं दर महिन्याला रीडिंग होतं त्या दिवशी दोन्ही स्क्रीनचा फोटो काढून ठेवत जा, पण जरा मागं सरकून काढा, नुसता आकडा नको, मीटरचा नंबरही त्याच फोटोत आला पाहिजे.